टेपच्या मागच्या तारा

बोईसर स्टेशनाबाहेर सकाळी भाड्याच्या गाड्या उभ्या असतात. कारखान्यांतल्या सकाळच्या पाळीची माणसे त्यांतून जातात. आमच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरदादांनी गाडीत नवा टेप बसवून घेतला. टेप म्हणजे गाणी वाजवायचे यंत्र. कॅसेटी गेल्या, तरी आम्ही त्याला टेपच म्हणतो. टेप छान वाजला. पुढे सणासाठी गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली. नंतर पहाटे किल्ली फिरवली, तर गाडी चालूच होईना. बॅटरी उतरली होती. पाळीची माणसे दुसऱ्या गाडीने गेली. त्या दिवसाचे भाडे बुडाले.

चूक एका तारेची होती.

टेपच्या मागे तारांचा झुबका असतो. तो पाहून घाबरू नये. पिवळी तार थेट बॅटरीची. गाडी बंद असतानाही टेपमधले घड्याळ चालावे, म्हणून तिच्यातून अगदी थोडी वीज जाते. लाल तार किल्लीची. किल्ली फिरवली की तिच्यात वीज यावी, काढली की जावी. त्यावरूनच टेपला कळते, की आता झोपायचे. ड्रायव्हरदादांच्या गाडीत लाल आणि पिवळी एकत्र पिळून बॅटरीच्या तारेला जोडल्या होत्या. किल्लीवाचून गाणी वाजतात म्हणून दादा खूष! पण टेप झोपलाच नाही. रात्रंदिवस वीज पीत राहिला.

काळी तार परतीची. बॅटरीतून निघालेली वीज फिरून बॅटरीकडे आली, तरच काम होते. मोटारीत परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. म्हणून काळी तार स्वच्छ लोखंडावर स्क्रूने घट्ट बसवावी. चिंचणी, तारापूर, सातपाटीकडे खारा वारा असतो. लोखंड लवकर गंजते. गंजावर तार बसवली तर टेप घरघरतो, मधेच बंद पडतो. जागा आधी खरवडून घ्यावी.

बाकीच्या बहुतेक तारा स्पीकरच्या. पांढरी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची. हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येकीची जोडीदार त्याच रंगाची, पण काळ्या रेघेची. ही रेघेची तार सांगाड्याला लावू नये. नवा टेप आतून जळू शकतो.

हे रंग बहुतेक नव्या टेपांचे झाले. गाडीच्या तारांचे रंग निराळे असतात. तेथे रंगावर भरवसा ठेवू नये. १२ व्होल्टचा टेस्ट दिवा घ्यावा. त्याचे एक टोक लोखंडाला, दुसरे तारेला लावावे. किल्ली नसताना दिवा लागला, तर ती तार पिवळीची. किल्ली फिरवल्यावरच लागला, तर लालची. ओळख पटली की बॅटरीची उणे बाजू सोडावी आणि मगच तारा जोडाव्यात. प्रत्येक जोडावर चिकटपट्टी गुंडाळावी.

आता फ्यूज. तो टेपच्या मागे असतो. त्यावर १० किंवा १५ असा आकडा असतो. फ्यूज उडाला, की काही जण तेथे तांब्याची तार घालतात. हे फार वाईट! मग जादा वीज अडवायला कोणी उरत नाही. तार तापते, वरचे प्लॅस्टिक वितळते, डॅशबोर्डच्या आत आग लागते. गाडीत तर माणसे बसलेली असतात. आधी फ्यूज का उडाला ते शोधावे. नवा फ्यूज त्याच आकड्याचा घालावा.

सारे झाल्यावर बॅटरी जोडावी, टेप वाजवावा, मग किल्ली काढावी. टेप आपोआप बंद झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यातले घड्याळ बरोबर चालत असेल, तर पिवळी आणि लाल आपापल्या जागी आहेत.