श्रावणात पखवाज का उतरतो? हवामान आणि वाद्यांचा सूर



भोर-वेल्ह्याकडच्या मुलांच्या कानावर पखवाज, पेटी, ढोल-लेझीम लहानपणापासून पडत असते. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण बोलताना आपण अजून वेल्हेच म्हणतो.) या भागात वाजवण्याचे बरेचसे दिवस नेमके पावसाचे. आषाढी एकादशी, श्रावणातले सप्ताह, गोकुळाष्टमी, गणपती. तेव्हा तोरणा-राजगड धुक्यात बुडालेले असतात आणि भाताच्या खाचरांत पाणी उभं असतं. अशा दिवसांत "पखवाज बसला", "ढोल बोलत नाही" हे वाक्य हमखास ऐकू येतं. शिकणाऱ्या पोराला वाटतं, आपलाच हात बसत नाही. कधीकधी मोठी माणसंही त्यालाच बोलतात.

त्याला बोलण्याआधी हवेकडे बघायला हवं. हवा वाद्याच्या आत शिरते आणि सूर हलवते. प्रत्येक वाद्याचा सूर मात्र एकाच दिशेने हलत नाही. हे समजलं की भजनी मंडळाची बैठक म्हणजे विज्ञानाचा एक उत्तम पाठ होतो.

चामडं सादळतं

पावसाळ्यात उघडा राहिलेला पापड सादळतो. पखवाजाच्या पुडीचं तसंच होतं. चामडं कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं बनलेलं असतं. हे तंतू हवेतली वाफ शोषतात, फुगतात आणि सैल पडतात. पुडीचा ताण कमी होतो. शिवाय शोषलेल्या पाण्याने पुडीचं वजनही थोडं वाढतं. सैल आणि जड, दोन्ही कारणांनी सूर खालीच जातो.

किती खाली? पुडीची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. ताण १० टक्क्यांनी घटला तर कंपनसंख्या सुमारे ५ टक्क्यांनी घटते. सा आणि कोमल रे यांच्यातलं अंतर साधारण ६ टक्के आहे. म्हणजे एवढ्याशा सैलपणाने पखवाज जवळजवळ एक स्वर उतरतो. पेटी पांढरी एक धरून बसलेली असेल तर हा फरक कुणाच्याही कानाला टोचेल.

प्राण्यांचे तंतू ओलाव्याने बदलतात हे शास्त्रज्ञांनी मोजमापासाठीही वापरलं आहे. स्वित्झर्लंडच्या सोस्यूर यांनी १७८३ साली माणसाचा केस वापरून आर्द्रतामापक तयार केला. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो, आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. आपली पुडी हाही एक आर्द्रतामापकच आहे, फक्त तिचा काटा कानाने वाचायचा.

पुडीवरच्या काळ्या शाईचंही इथे सांगायला हवं. सर चंद्रशेखर व्यंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर लेख लिहिला. साध्या ढोलाच्या पडद्यावर उठणारी कंपनं एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात. मध्ये शाईचा थर दिला की ती तशी होतात, म्हणूनच तबला-मृदंग 'सुरात' लावता येतो. ही शाई लोहकीस आणि खळीची असते. ओल मुरली की ती सुटू लागते आणि मग नुसता ताण वाढवून सूर परत येत नाही.

फुंकीची वाद्यं उलटी चालतात

बासरी, सनई यांत हवेचा स्तंभ कंप पावतो. हवेतला ध्वनीचा वेग ० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि तापमान १ अंशाने वाढलं की तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. २० अंशांच्या थंड सकाळी लावलेली बासरी ३० अंशांच्या दुपारी वाजवली, तर तिचा सूर जवळजवळ पावणेदोन टक्के चढतो. म्हणजे पुढच्या स्वराकडे पाव अंतराहून थोडा जास्तच.

सनईच्या तोंडातल्या पत्तीला, म्हणजे जिव्हाळीला, मात्र ओल लागते. कोरडी पत्ती बोलत नाही, म्हणून वादक ती आधी तोंडात भिजवतो. फार भिजली तर तीही बसते.

तारेची गोष्ट आणखी वेगळी. वीण्याची किंवा तंबोऱ्याची धातूची तार उन्हात तापली की लांबते आणि सूर उतरतो. पेटीतल्या पितळी पट्ट्यांचा सूर मात्र हवेने फारसा हलत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून पेटीच्या कळा अडकतील, पण सूर टिकतो. म्हणूनच बैठकीत सगळे पेटीला धरून सूर लावतात.

बॅगपाइप: सगळ्या अडचणी एकाच पिशवीत

दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीत होणारा 'बीटिंग रिट्रीट' सोहळा मुलांना जरूर दाखवा. त्यात सैन्याची बॅगपाइप पथकं असतात. काखेत हवेची पिशवी, सूर वाजवायला भोकांची एक नळी आणि सतत एकच स्वर धरून ठेवणाऱ्या आणखी नळ्या. आपल्या सनईवादनात एक जण नुसता सूर धरून बसतो, त्याचंच काम या नळ्या करतात. वादकाचा उबदार, दमट श्वास पिशवीतून या सगळ्या नळ्यांत आणि त्यांच्या पत्त्यांत जातो. बाहेरची हवा थंड असेल तर नळ्या हळूहळू तापतात आणि सूर सरकत राहतो. सगळ्या नळ्या सारख्याच सरकतील असंही नाही. म्हणून पथक आधी काही वेळ वाजवून वाद्यं तापवतं आणि मगच नळ्यांची लांबी कमी-जास्त करून सूर मिळवतं.

यातली शिकवण आपल्यालाही लागू आहे: जिथे वाजवायचं, त्याच हवेत सूर लावायचा. हिर्डस मावळातल्या धुक्यात ताणलेला ढोल घेऊन पथक कापूरहोळच्या हमरस्त्याला लागतं, तेव्हा हवा बदललेली असते. ढोलही बदलतो.

मग करायचं काय?

१. वाद्य कार्यक्रमाच्या अर्धा-पाऊण तास आधी जागेवर नेऊन ठेवा. मगच हातोडी घ्या. गजऱ्यावर वरून हलकं ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. फरक मोठा असेल तर गठ्ठे सरकवा.

२. पावसात चढवलेला पखवाज तसाच ताणलेला ठेवू नका. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की चामडं आखडतं, ताण वाढतो आणि पुडी फाटते. वाजवून झालं की वाद्या थोड्या सैल करा.

३. पखवाज चुलीजवळ किंवा हीटरजवळ ठेवू नका. ओलं कच्चं चामडं साधारण ६० अंशांच्या पुढे तापलं तर कायमचं आक्रसतं. हलगीवाले हलगी शेकतात, पण लांबून, फिरवत आणि हाताने अंदाज घेत. ते कसब आहे.

४. धुम्याला लावलेली कणीक वाजवून झाल्यावर खरवडून काढा. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते आणि ती चामड्यात उतरते.

अनेक ढोल पथकं आता फायबरचं पान वापरतात. ते पाणी पीत नाही, त्यामुळे भर पावसातही ढोल ताणलेला राहतो. पण त्याचा आवाज चामड्यासारखा नसतो, आणि चामड्याच्या पुड्या भरणाऱ्या कारागिरांचं कामही त्याने कमी होतं. दोन्ही बाजू मुलांसमोर मांडा आणि त्यांना चर्चा करू द्या.

वर्गात करून बघा

प्रयोगशाळेतले दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याभोवती ओलं कापड गुंडाळा. दोन्हींच्या नोंदीत फरक कमी म्हणजे हवा दमट, फरक जास्त म्हणजे कोरडी. रोज ही नोंद घ्या. त्याच वेळी मंडळाचा पखवाज पेटीच्या कोणत्या कळीला मिळतो तेही लिहा, मात्र त्या दिवसांत त्याला हातोडी लावू नका. जून ते नोव्हेंबर अशी वही भरली तर मुलांच्या हातात त्यांच्याच गावाच्या हवेचा आलेख येईल. बासरीवरही असाच प्रयोग होतो: थंड बासरीचा सूर मोबाइलच्या ट्यूनरवर बघा, पाच मिनिटं वाजवा आणि पुन्हा बघा.

आणि पुढच्या सप्ताहात एखाद्या पोराचा ठेका पेटीशी जुळला नाही, तर आधी पुडीवर टिचकी मारून बघा. हात बहुतेक बरोबरच असेल.