मठाचा झाला राजवाडा!

लिस्बनच्या रोसिओ स्टेशनवर आगगाडीत बसावे, की पाऊण तासाच्या आत सिंत्रा येते. तिथे डोंगरमाथ्यावर उभा आहे पेनाचा राजवाडा. अर्धा लालभडक, अर्धा पिवळाधमक! आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, दिवाळीच्या किल्ल्याला पोरांनी उरलासुरला सगळा रंग फासावा, तसं नाही वाटत?"

त्यातला लाल भाग म्हणजे जुना मठ. सोळाव्या शतकाच्या आरंभी मानुएल राजाने तो साधूंसाठी बांधवला. याच राजाच्या कारकिर्दीत, १५१० साली, आपला गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेला. पुढे १७५५ च्या भूकंपाने मठ मोडकळीस आला आणि १८३४ साली पोर्तुगालात साधूंचे मठच बरखास्त झाले. दुसऱ्या मारिया राणीचे यजमान फर्नांदो यांनी १८३८ साली ते अवशेष विकत घेतले. मठ पाडला मात्र नाही. आतले देवघर आणि अलाबास्टर दगडाची कोरीव वेदी जपली व शेजारी पिवळा वाडा चढवला. भोवतीच्या खडकाळ डोंगरावर देशोदेशींची झाडे लावली. आज त्या उद्यानात ऑस्ट्रेलियाकडचे झाडाएवढे नेचे, अमेरिकेतले सिकोया आणि कॅमेलियाचे ताटवे एकत्र नांदतात.

राणी १८५३ साली वारली. फर्नांदोंनी १८६९ साली एलिझ हेन्सलर या ऑपेरा-गायिकेशी लग्न केले. उद्यानाच्या पश्चिम टोकाला दोघांनी एक टुमदार बंगली बांधली. १८८५ मध्ये फर्नांदो गेले आणि मृत्युपत्रात राजवाडा, उद्यान, सारे एलिझच्या नावे निघाले. देशात एकच ओरड झाली. अखेर १८८९ साली सरकारने मालमत्ता विकत घेतली. बंगली तेवढी त्या बाईंच्या वापरात राहिली.

"सरकारने घेतलं तेच बरं," मी म्हणालो. "नाहीतर तुम्हाआम्हाला कोण आत सोडणार होतं?"

"ते खरं हो. पण नवऱ्याबरोबर मांडलेला संसार बायकोकडे राहिला, तर लोकांचं काय बिघडत होतं?"

यावर आमचे एकमत झाले नाही. बोलत बोलत बंगलीपाशी आलो. दुरून भिंती फळ्यांच्या वाटतात. जवळ गेल्यावर कळते, की तो गिलाव्यावरचा रंग आहे. खिडक्यांना नक्षी बुचाच्या सालीची! १९९९ साली आगीत ही बंगली जवळजवळ नष्ट झाली होती. ती पुन्हा उभारून २०११ साली लोकांसाठी खुली केली.

"बघा," सौभाग्यवती म्हणाल्या, "जळलेलंसुद्धा पुन्हा बांधलं. म्हणजे बाईची आठवण कुणाला तरी ठेवावीशी वाटली."

वाचकहो, सिंत्र्याला गेलात तर राजवाड्याची छायाचित्रे काढून लगेच मागे फिरू नका. पायात चांगले बूट घाला, अंगावर एखादा स्वेटर असू द्या, कारण धुके तिथे केव्हाही उतरते. आणि नेच्यांच्या दरीतून हिंडत त्या बंगलीपर्यंत जरूर जा.