पूल टेबलाच्या कापडावरची निळी धूळ

घरी पूल टेबल असेल तर चॉकची धूळ हाताने झटकू नका, ती धाग्यांत आणखी रुतते. क्यूच्या टोकाला लावतो तो चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. अमेरिकेत 1897 साली विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी त्याचं पेटंट घेतलं. त्यात सिलिकासारखे कठीण कण असतात आणि तेच कापड हळूहळू झिजवतात.

मऊ केसांचा ब्रश घ्या, हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा. गोल गोल अजिबात नाही! स्नूकरच्या लव असलेल्या कापडावर तर लवेच्या दिशेनेच. खरी धूळ साठते कुशनखालच्या सांदीत. तिथे व्हॅक्यूमचं अरुंद तोंड लावा, ओढ कमी ठेवून. फिरत्या ब्रशचं तोंड लावलंत तर कापडाची वाट लागलीच म्हणून समजा.

बॉल पुसायचे मात्र बहुतेक जण विसरतात. बॉलला चिकटलेला चॉक पुन्हा कापडावरच उतरतो, मग ब्रश मारून उपयोग काय? कोरडं मायक्रोफायबर फडकं पुरतं.

आणि हो, चॉक टेबलापासून लांब उभं राहून लावा, ठेवताना वापरायची बाजू वर. खेळ संपला की टेबल झाकायला विसरू नका. तुम्ही कोणता ब्रश वापरता, कमेंटमध्ये सांगा.