आधी दाब विचारा, मग अश्वशक्ती!
गिअर पंपासाठी लागणाऱ्या टॉर्कचे सोपे गणित

शाहूपुरी (कोल्हापूर), प्रतिनिधी : 'पंपाला किती एचपीची मोटर बसवू?' हा प्रश्न शाहूपुरीच्या गल्ल्यांत आणि लगतच्या उद्यमनगरात नित्य ऐकू येतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी वसविलेल्या या पेठेचे ऊस, साखर आणि यंत्रे यांच्याशी जुने नाते आहे. नदीचे पाणी शेतात चढविणारा पंप असेल, तर अनुभवी मिस्त्रीचा अंदाज सहसा चुकत नाही. मात्र मळी, तेल किंवा पाक यांसारखे दाट द्रव ओढणाऱ्या गिअर पंपाच्या बाबतीत हाच अंदाज मोटर जाळू शकतो किंवा कपलिंग तोडू शकतो. कारण या पंपाचा स्वभावच निराळा आहे.

पंपाचा स्वभाव

पाण्याच्या नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपात वेगाने फिरणारा पंखा पाणी बाहेर फेकतो. पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर पाणी आतल्या आत घुसळत राहते आणि मोटरवरचा भार कमी होतो. म्हणूनच असे बहुतेक पंप व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करण्याची पद्धत आहे.

गिअर पंपात एकमेकांत गुंतलेली दोन दातेरी चाके असतात. दात्यांमधील खाचांत भरलेला द्रव कवचाच्या कडेने पुढे नेला जातो आणि दाते पुन्हा गुंतताना तो बाहेर ढकलला जातो. प्रत्येक फेऱ्याला ठरावीक माप पुढे जाणारच. त्यामुळे पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना हा पंप सुरू केला, तर दाब वाढत जातो. तो एक तर मोटर थांबल्यावर थांबतो, नाही तर काहीतरी फुटल्यावर! पाण्याच्या पंपाची सवय येथे घातक ठरते ती अशी.

एका फेऱ्याचे काम

टॉर्क म्हणजे दांडा फिरविण्यासाठी लागणारा पिळाचा जोर. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलो वजन टांगले की सुमारे ९८ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो. पंपाला किती टॉर्क लागेल, हे काढण्याचे तत्त्व सोपे आहे. एका फेऱ्यात पंप जेवढे काम करतो, तेवढे काम दांड्याने त्याला दिले पाहिजे. द्रवाचे एका फेऱ्याचे माप गुणिले दाब, म्हणजे पंपाचे काम. टॉर्क गुणिले ६.२८ (पायची दुप्पट), म्हणजे दांड्याचे काम.

उदाहरणार्थ, मळीचा पंप दर फेऱ्याला एक लिटर द्रव पुढे नेतो आणि वाहिनीत ६ बार दाब लागतो, असे समजू. एक लिटर द्रव एक बार दाबाने ढकलण्यास १०० ज्यूल लागतात. म्हणजे एका फेऱ्याचे काम ६०० ज्यूल झाले. त्याला ६.२८ ने भागल्यास सुमारे ९५.५ न्यूटन-मीटर टॉर्क येतो.

हा झाला कागदावरचा टॉर्क. बेअरिंग, सील आणि दाट द्रवाचे घर्षण यांत बराच जोर खर्ची पडतो. पातळ तेलासाठी यांत्रिक कार्यक्षमता ८५ ते ९० टक्के धरता येते. मळीसाठी ती ६० टक्के धरू. ९५.५ ला ०.६ ने भागले की पंपाच्या दांड्यावर १५९ न्यूटन-मीटर टॉर्क लागेल, असे दिसते.

या हिशेबात वेग कोठेही आलेला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. टॉर्क मुख्यतः दाब ठरवितो. वेग वाढला की दर मिनिटाचा पुरवठा वाढतो आणि अश्वशक्तीही वाढते. दाट द्रव मात्र सावकाशच ओढावा लागतो. वेग जास्त झाला तर दात्यांच्या खाचा पुऱ्या भरत नाहीत आणि द्रवाचे घर्षणही वाढते.

गिअरबॉक्सची मदत

मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरवर हा पंप १०० फेऱ्यांनी चालवायचा, तर १४.४ पटींची गिअरबॉक्स लागेल. ती वेग कमी करते आणि त्याच पटीत टॉर्क वाढविते. १५९ ला १४.४ ने भागून, गिअरबॉक्सची कार्यक्षमता ९० टक्के धरल्यास, मोटरने १२.३ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागेल. या वेगाला २ एचपीची मोटर सुमारे १० न्यूटन-मीटर देते, तर ३ एचपीची सुमारे १४.६. अंदाजाने बसविलेली २ एचपीची मोटर येथे कमी पडते.

तथापि ३ एचपीवरही थांबून चालत नाही. हिशेब नेहमीच्या दाबावर न करता रिलीफ व्हॉल्व्ह ज्या दाबाला उघडतो, त्या दाबावर करावयाचा असतो. तो ८ बारला लावला असेल, तर मोटरवरचा टॉर्क १६.४ न्यूटन-मीटर होतो. म्हणजे ५ एचपीची मोटर हवी. तिचा टॉर्क सुमारे २४.५ न्यूटन-मीटर असतो. उरलेली ताकद थंडीतील पहाटेसाठी उपयोगी पडते, कारण ऐन हंगामातील गारठ्यात मळी अधिकच घट्ट होते. मोठी मोटर स्टार-डेल्टा स्टार्टरवर असेल, तर सुरू होताना तिचा टॉर्क एकतृतीयांशावर येतो, हेही तपासावे.

मोठी मोटर म्हणजे सुरक्षितता नव्हे

'मग दुप्पट मोठीच मोटर बसवू' हा उपाय फसवा आहे. मोटर क्षणभर आपल्या नेहमीच्या टॉर्कच्या दुप्पट जोर सहज देऊ शकते. वरील ५ एचपीच्या मोटरने तसे केले आणि रिलीफ व्हॉल्व्ह नसला, तर उलट हिशेबाने वाहिनीतील दाब २४ बारपर्यंत जाऊ शकतो. सहा-आठ बारसाठी घातलेली वाहिनी, सील आणि शेजारी उभा असलेला कामगार यांपैकी कोणाचीही त्यासाठी तयारी नसते. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह हा ऐच्छिक सुटा भाग न मानता पंपाचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.

तात्पर्य, मोटर खरेदीला जाताना चार आकडे जवळ असावेत : पंपाचे दर फेऱ्याचे माप, रिलीफ व्हॉल्व्हचा दाब, द्रव सर्वांत थंड असताना किती दाट असतो आणि पंपाचा वेग. हे आकडे हाती असले की अश्वशक्ती आपोआप निघते. दुकानदाराला पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी दाबमापकाकडे एकदा पाहून घेणे मोटर पुन्हा भरून घेण्यापेक्षा नक्कीच स्वस्त पडते.