दाताचा दवाखाना आणि एचआयव्ही



दाढ ठणकायला लागली की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. अशी बाई दवाखान्यात गेली आणि तिला एचआयव्ही आहे म्हणून कुणी परत पाठवलं तर? किंवा 'सगळे पेशंट झाले की शेवटी या' म्हटलं तर? असं घडतं. मग पुढच्या वेळी ती आजार लपवते, नाहीतर दाढेत लवंग धरून घरीच सोसते. म्हणून दाताचे डॉक्टर, नर्स आणि मदतनीस यांना काय माहीत असायला हवं, ते आज आपणही समजून घेऊ.

एचआयव्ही लाळेतून पसरत नाही, रक्तातून पसरू शकतो. दात काढताना रक्त येतं, म्हणून काळजी हवीच. पण ती एकट्या एचआयव्हीच्या पेशंटसाठी नाही, सगळ्यांसाठी. आजार कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. कित्येकांना आपल्याला लागण झाली आहे हे माहीतही नसतं.

ही काळजी कोणती? दर पेशंटला नवे हातमोजे, नवी सुई. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. आणि अवजारं ऑटोक्लेव्हमधून काढलेली. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच समजा. त्यात १२१ अंशांच्या वाफेच्या दाबाखाली जंतू मरतात. अवजार नुसतं स्पिरिटनं पुसून भागत नाही. जिथं हे नीट होतं, तिथं वेगळी खुर्ची नको आणि शेवटचा नंबरही नको.

कर्मचाऱ्यांनाही भीती असते, सुई टोचली तर? एचआयव्हीचं रक्त असलेली सुई हजार वेळा टोचली, तर साधारण तीन वेळा लागण होते. टोचलेली जागा साबण-पाण्यानं धुवायची, दाबून रक्त काढायचं नाही. औषध होईल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करायचं. ते २८ दिवस घ्यायचं.

आता आपला हक्क. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, चारचौघांत बोभाटा करता येत नाही. वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी असायला हवा. माहितीसाठी १०९७ हा फुकट फोन आहे.

एचआयव्ही असलेल्या मैत्रिणीनं डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं तर तिचाच फायदा आहे. तिच्या रोजच्या गोळ्या बघून डॉक्टर योग्य औषध देतात. तोंडातले पांढरे चट्टे, सुजलेल्या हिरड्या यांवरही वेळेत इलाज होतो. तोंड दुखलं की जेवण जात नाही, आणि जेवण गेलं नाही तर अंगात ताकद कशी राहील?

पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. कुणाला दाखवायला जायचं असेल तर सोबत एकीनं जा. अवजारं ऑटोक्लेव्ह केली आहेत का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. तो प्रश्न आपल्या सगळ्यांच्याच भल्याचा आहे.