रंगाकडून आकड्याकडे: मेहरूणच्या वर्गातला सामू

आम्ल आणि आम्लारी यांची ओळख आपल्या पाठ्यपुस्तकात आठवीत होते आणि नववीत क्षारांसह तो धडा पुन्हा येतो. दोन वर्षांनी बहुतेक मुलांना एक ओळ तोंडपाठ असते: सामू सातपेक्षा कमी असला तर आम्ल, जास्त असला तर आम्लारी, सात म्हणजे उदासीन. परीक्षेपुरती ही ओळ भागते. पण चार सामूचे आणि पाच सामूचे द्रावण यांच्या आम्लतेत किती फरक, असे विचारले की उत्तर येते, "एकचा." खरा फरक दहापटीचा असतो. माझ्या मते या धड्याचे मर्म त्या दहापटीत आहे. फळ्यावर ते पोचत नाही, हातात नळी धरल्यावर पोचते. आणि जळगावच्या मेहरूण भागात शिकवताना त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य मुलांच्या घरी, शेतात आणि तलावाच्या काठी असते.

सुरुवात हळदीने करते. हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवायची, गाळण कागदाच्या पट्ट्या त्यात बुडवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. घरून काय आणायचे ते मुलेच ठरवतात. लिंबू, चिंच, ताक, खाण्याचा सोडा, अंगाचा साबण हे ठरलेलेच. खानदेशात उन्हाळ्यात घरोघरी उडदाचे पापड होतात, म्हणून पापडखार कोणी ना कोणी आणतेच. थंडीत तास असला तर मेहरूणची बोरे येतात. या बोरांसाठी हा भाग दूरवर ओळखला जातो.

लिंबू, चिंच, ताक आणि बोर यांनी हळदीचा कागद पिवळाच राहतो. मुले थोडी हिरमुसतात. मग पापडखाराच्या पाण्याचा थेंब पडतो आणि कागद क्षणात तांबडा होतो. "मॅडम, कुंकू झालं!" असे कोणीतरी ओरडते आणि ते बरोबरही असते, हळदीला चुन्यासारख्या आम्लारीची जोड देऊन पारंपरिक कुंकू करतात. त्याच तांबड्या डागावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. न सांगता उदासिनीकरण शिकवून झालेले असते.

हळद फक्त आम्लारी ओळखते. आम्लासाठी जास्वंद लागते. लाल पाकळ्या गरम पाण्यात ठेवल्या की रंग उतरतो. तो लिंबाने गुलाबी-लाल होतो, साबणाच्या पाण्याने हिरवट. बोराचा गर पाण्यात कुस्करून घातला की तोही लालसर छटा देतो. जिभेला जे आधीच माहीत होते ते आता डोळ्याला दिसते. मात्र वर्गात जिभेचा वापर पूर्ण बंद, हा नियम पहिल्या मिनिटाला सांगते.

यानंतरचा प्रश्न रंगाला झेपत नाही. सोड्याच्या पाण्याने हळदीचा कागद जेमतेम नारिंगी होतो, पापडखाराने गडद तांबडा, चुन्याच्या निवळीनेही गडद तांबडा. तिन्ही आम्लारी, हे कळले. पण कोणता किती? सोड्याच्या द्रावणाचा सामू साधारण 8.3 असतो, चुन्याच्या संपृक्त निवळीचा 12.4 च्या आसपास. दोन्ही पांढऱ्या पुड्या, पण एक आपण खातो आणि दुसरी डोळ्यात गेली तर बुबुळ जाळू शकते. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी लहान मुलांच्या हाती लागून डोळे गमावल्याच्या घटना आपल्या देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवल्या आहेत. म्हणून इथे थांबून सांगते: चुना डोळ्यात गेला तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचे, मग ताबडतोब दवाखाना. आकडा का हवा, याचे याहून ठळक उत्तर माझ्याकडे नाही.

हा आकडा 1909 मध्ये जन्मला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन विकरांचा अभ्यास करत होते. विकरांचे काम हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर अवलंबून असते आणि ते प्रमाण 0.0001, 0.00001 असे लिहिणे त्रासाचे होते. त्यांनी दहाचा घातांक तेवढा घेतला. 0.0001 चा झाला चार, 0.00001 चा झाला पाच. म्हणूनच आम्ल वाढते तसा आकडा घटतो. ही उलटी चाल मुलांना सतत अडवते, पण शून्ये मोजायला लावली की गाठ सुटते.

आता नळ्यांचा तास. संहत हायड्रोक्लोरिक आम्लातून विरल द्रावण मी स्वतः आधी तयार करून ठेवते: साधारण 8.3 मिलिलिटर आम्ल थोडेथोडे करून पाण्यात सोडायचे आणि एकूण एक लिटर करायचे. आम्लात पाणी कधीही ओतायचे नाही. या द्रावणाचा सामू एकच्या जवळ असतो. पहिल्या परीक्षानळीत ते दहा मिलिलिटर. त्यातले एक मिलिलिटर दुसऱ्या नळीत घ्यायचे आणि नऊ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालायचे. दुसरीतले एक तिसरीत, पुन्हा नऊ पाणी. असे पुढे जात राहायचे आणि प्रत्येक नळीत वैश्विक दर्शकाचे थेंब टाकायचे. लालपासून नारिंगी, नारिंगीपासून पिवळा अशी रांग उभी राहते. प्रत्येक पायरीला आम्ल दहावा हिस्सा होते आणि सामू एकने चढतो. चौथ्या नळीतले आम्ल पहिल्याच्या हजाराव्या हिश्श्याइतके आहे, हे मुले आपल्या हाताने केलेले असल्यामुळे विसरत नाहीत.

इथे दरवर्षी एक सुंदर प्रश्न येतो: "आठव्या नळीत सामू आठ होईल का?" गणित म्हणते, होईल. पण आम्लात कितीही पाणी घातले तरी त्याची आम्लारी होत नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन असतातच, 25 अंश सेल्सिअसला ते सामू सातइतके भरतात. त्यापुढे पातळ केलेल्या आम्लाला मोजण्यासारखे काही उरत नाही. शिवाय उघड्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्यामुळे शेवटच्या नळ्या सातच्या थोड्या अलीकडेच, पिवळसर रंगावर थांबतात.

दुसरी रांग मी मुद्दाम बोअरच्या पाण्याने करायला लावते. दुसरी नळी लाल, आणि तिसरी एकदम हिरवी! "मॅडम, हे तं बिघडलं," मुले म्हणतात. बिघडलेले काहीच नसते. आपला प्रदेश काळ्या बेसाल्टचा; भूजलात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर. तेच बायकार्बोनेट आम्ल खाऊन टाकते. नळाच्या तोटीवर आणि बादलीच्या तळाशी बसणारा पांढरा थर त्याचाच. ठिबकच्या नळ्या तुंबल्या की शेतकरी त्यांतून आम्ल सोडतात, तेही याच थरासाठी. ज्या मुलांनी शेतात वडिलांना ते करताना पाहिलेले असते, ती या क्षणी वर्गाला समजावून सांगू लागतात. मग मी बाजूला होते.

मातीची पाळी शेवटी. वीस ग्रॅम वाळलेली माती, पन्नास मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळणे. कपाशीच्या किंवा केळीच्या काळ्या रानातून आणलेल्या मातीचा सामू बहुधा आठच्या आसपास दिसतो. अशा चुनखडीच्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही, स्फुरद कॅल्शियमशी बांधले जाते, आणि केळीची कोवळी पाने पिवळी पडतात. "मग मातीत आम्ल ओतायचं ना?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही आकडेमोडीने काढतो. एक हेक्टरच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात साधारण वीस लाख किलो माती असते. तिच्यात पाच टक्के मुक्त चुनखडी धरली तर ती झाली एक लाख किलो, आणि ती विरघळवायला जवळजवळ तितकेच सल्फ्युरिक आम्ल लागेल. वर्ग गप्प होतो. फेरस सल्फेटची फवारणी आणि शेणखत का सांगतात, ते वेगळे शिकवावे लागत नाही.

कागदाची मर्यादाही दाखवायला हवी. सामू कागद साधारण एका अंकापर्यंत सांगतो, त्याहून बारीक फरकाला मीटर लागतो. आणि मीटर आधी चार, सात व 9.2 च्या बफर द्रावणांत तपासल्याशिवाय विश्वासाचा नसतो. तो तपासून आम्ही मेहरूण तलावाचे पाणी सकाळी आणि दुपारी मोजतो. शेवाळ असलेल्या कोणत्याही तलावात उन्हे चढली की शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि सामू वाढतो, रात्री पुन्हा उतरतो. त्यामुळे तलावाचा सामू सांगताना वेळही लिहायची, ही सवय लागते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 6.5 ते 8.5 आहे, हे वाक्य मग नुसते पाठांतर राहत नाही.

शाळेत मीटर नसला तरी चालेल. हळद, जास्वंद, सामू कागदाची एक पुस्तिका, काही नळ्या आणि एक मोकळी दुपार एवढ्यात यातले बहुतेक होते. माझी विज्ञान शिक्षकांना विनंती आहे की या धड्यात व्याख्येआधी नळी द्या, आणि एक रांग आपल्या गावच्या पाण्याची करा. आणि पालकांना सांगणे आहे: घरात मृदा आरोग्य पत्रिका असेल तर ती कपाटातून काढा आणि आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला त्यातला सामूचा आकडा वाचून त्याचा अर्थ सांगायला लावा. सांगता आला, तर धडा झाला असे समजा.