रुळाकडची भाजी

डिसेंबर लागला की मुंबईच्या काळाचौकीतल्या भाजीच्या गाड्या हिरव्यागार होतात. पावसाळ्यात हात लावू न देणारी मेथी जमिनीवर येते. शेपू, चुका, पालक, मुळा, लाल माठ, सगळ्यांच्या जुड्या ओल्या गोणपाटावर ढीग लावून बसतात. गिऱ्हाईक जुडी उचलतं, मुळं बघतं, नाकाशी नेतं आणि विचारतं, "रुळाकडची नाही ना?" भाजीवाली मान वर न करता सांगते, "नाशिकची आहे, ताई." गाडी कोणतीही असो, भाजी नाशिकचीच असते.

रुळाकडची म्हणजे कुठली, हे हार्बर लोकलच्या प्रवाशाला वेगळं सांगावं लागत नाही. कॉटन ग्रीनला गाडी पकडून वडाळा मागे टाकलं, की कुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात रूळ आणि हद्दीची भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत आखलेले वाफे वर्षानुवर्षं दिसत आले आहेत. मध्य आणि पश्चिम मार्गांवरही तेच. कुणी गुपचूप केलेली ही शेती नाही. रेल्वेची 'ग्रो मोअर फूड' नावाची योजना आहे, तिच्यात मोकळी जमीन आपल्याच कर्मचाऱ्यांना, मुख्यतः खालच्या श्रेणीतल्या, भाजीपाल्यासाठी ठरावीक मुदतीच्या परवान्यावर दिली जात आली आहे. पक्कं बांधकाम करायचं नाही आणि रेल्वेला जागा लागली की सोडायची. परवान्याने मालकी मिळत नाही, कुळाचा हक्कही लागत नाही.

योजनेचं नाव दुसऱ्या महायुद्धातलं आहे. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला आणि 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम देशभर सुरू झाली. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. युद्ध संपलं, टंचाई राहिली आणि मोहीम स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. रेल्वेने नाव तेवढं जपलं. हेतू मात्र हळूहळू पालटला. मुंबईत रुळालगतची रिकामी जागा ही रेल्वेची मोठी डोकेदुखी. आज मोकळी दिसणारी जागा चार महिन्यांनी झोपड्यांनी भरलेली असते. रोज माणसाचा वावर असलेल्या, नांगरलेल्या-खुरपलेल्या जमिनीवर कुणी पटकन बांबू रोवत नाही. भाजी इथे कुंपण म्हणून लावलेली आहे. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की या शेतीचे बाकीचे सगळे गुणदोष उलगडतात.

परवाना खलाशाच्या किंवा गँगमनच्या नावावर असतो, पण दिवसपाळी-रातपाळी सांभाळून वाफे करणं सगळ्यांना जमत नाही. म्हणून प्रत्यक्ष कसणारा बहुधा दुसराच. उत्तर प्रदेशातून आलेला, गावाकडे थोडीफार शेती असलेला माणूस वाफ्याशेजारीच पत्र्याच्या खोपटात राहतो आणि गाड्यांच्या खडखडाटात झोपतो. गिरणगावाला हा प्रकार नवा वाटू नये. काळाचौकी-लालबागच्या चाळींतून गिरण्यांत गेलेली कोकणातली माणसंही अशीच एक पाय शेतात ठेवून राहिली. पेरणीला आणि गणपतीला गाव गाठत राहिली. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा कित्येकांना काही काळ त्या गावच्या शेतीनेच तारलं.

रुळाकडच्या शेतीचं वर्ष थंडीभोवती फिरतं. पावसाळ्यात नाले फुगून वाफे बुडतात. तगतो तो अळू, थोडीफार भेंडी. दसरा-दिवाळी उलटली की जमिनीला वाफसा येतो आणि खरं काम सुरू होतं. जुने वाफे मोडायचे, माती भुसभुशीत करायची, हातभर रुंदीच्या पाळ्या घालून नवे वाफे पाडायचे. वाफ्याची रुंदी मनाला येईल तशी नसते. काठावर बसून वाफ्याच्या मध्यापर्यंत खुरपं पोचलं पाहिजे, आत पाय पडता कामा नये. माठाचं बी मोहरीहून बारीक. ते नुसतं फेकलं तर एका जागी झुबका उगवतो आणि दुसरी जागा बोडकी राहते, म्हणून बारीक मातीत कालवून विसकटतात. पालकाचं बी रात्रभर भिजवून घेतात. लाल माठ चार आठवड्यांत काढणीला येतो, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. पालक महिन्याभरात येतो आणि बोटभर ठेवून कापला तर पुन्हा फुटतो. तीन कापण्या देणारा वाफा गुणी समजावा.

कापणी उजाडायच्या आत. दव असताना कापलेलं पान बाजारात टवटवीत राहतं. मूठभर कापायचं, मुळं एका रेषेत आणायची, ओल्या पेंढ्याने किंवा सुतळीने आवळायचं, पाण्यात बुचकळून टोपलीत उभं लावायचं. हे काम डोळे मिटून होतं. हात थांबतो तो फक्त नागअळीने पांढऱ्या रेघा ओढलेलं पान वेगळं करायला. उन्हं यायच्या आत माल फेरीवाल्याच्या नाहीतर बाजाराच्या वाटेला लागतो. दादरला सेनापती बापट मार्गावर पहाटे भरणारा भाजीबाजार तेव्हा ऐन रंगात असतो. तिथे वसई, नाशिक, पुणे आणि रुळाकड, सगळे शेजारी शेजारी बसतात. नंतर त्यांना वेगळं करणं भल्याभल्यांना जमत नाही.

मुंबईची थंडी ती काय, असं म्हणतात. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला होता, तो विक्रम अजून मोडलेला नाही. एरवी पहाटे स्वेटर, दुपारी घाम. पण पालेभाजीला एवढंच हवं असतं. इंग्लंडमध्ये लोकांना भाजीसाठी भाड्याने मिळणाऱ्या वाटणीच्या मळ्यांत हिवाळा म्हणजे अवजारांना तेल लावायचे आणि बियाण्यांच्या याद्या चाळायचे दिवस. आपल्याकडे तोच ऐन हंगाम. चंपाषष्ठीला चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं पुन्हा ताटात येतं, भोगीला मिसळीची भाजी होते. शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी उतरतात तेही याच दिवसांत.

आता पाण्याकडे वळू. रुळाकडच्या वाफ्याला नळ नाही. कुंपणाला पाणी कोण देणार? वाफा नाल्यावर जगतो आणि मुंबईचा नाला म्हणजे सांडपाणी. जर्मनीतल्या कासेल विद्यापीठाच्या संशोधकांनी आयआयटी मुंबईसारख्या इथल्या संस्थांतल्या अभ्यासकांना सोबत घेऊन मुंबई महानगरातल्या या रेल्वे-मळ्यांचा अभ्यास केला. 2013 मध्ये तो प्रसिद्ध झाला. सांडपाण्यावरचं सिंचन हा त्यातला कळीचा मुद्दा होता. या पाण्यातली रोगजंतूंची भीती भाजी धुऊन, शिजवून बरीच कमी होते. शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू ही वेगळी गोष्ट. ते मुळांतून पानात चढतात आणि पालेभाज्या ते इतर भाज्यांपेक्षा जास्त घेतात. मिठाच्या पाण्याने ते जात नाहीत. तेव्हा जुडी हुंगणाऱ्या गिऱ्हाइकाचा संशय रास्त आहे. नाकाने मात्र त्याचा उलगडा होणार नाही.

दोष कुणाचा म्हणाल, तर कसणाऱ्याचा सर्वांत कमी. ज्याला पुढच्या वर्षी वाफा राहील याची खात्री नाही, तो बोअर कशाला मारील, माती कशाला सुधारील? जादा रूळ टाकायचे ठरलं की पहिला बळी वाफ्याचा. जर्मनीत अशा वाटणीच्या मळ्यांसाठी 1983 पासून स्वतंत्र कायदा लागू आहे: वाटणी 400 चौरस मीटरपर्यंत, खोपटं 24 चौरस मीटरपर्यंत आणि कसणाऱ्याला उठवायचं तर ठोस कारण हवं. तिथल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मळ्यांची तर वेगळी संघटना आहे. ब्रिटनमध्ये 1908 च्या कायद्याने मागणी असेल तिथे मळे पुरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. आपल्याकडे शेती तीच, कर्मचारी तेच, फक्त हक्काचा कागद नाही.

काळाचौकीच्या परिसराला बागायती अगदीच परकी आहे असं नाही. शेजारच्या शिवडीला एकोणिसाव्या शतकात अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. पुढे 1865 च्या सुमारास ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. तोवर भायखळ्याला 1862 मध्ये नवी बाग उघडली होती, तीच आपली राणीची बाग. महापालिकेचं फुलाफळांचं आणि भाज्यांचं प्रदर्शन आजही थंडी सरता सरता तिथे भरतं आणि लालबाग-परळची माणसं मुलांना घेऊन कोबीचे गड्डे बघायला रांग लावतात.

जमिनीवर जागा उरली नाही तेव्हा काही जण गच्चीवर गेले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या गोदीतल्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी या शतकाच्या सुरुवातीला बाग उभी केली. हजारो कामगारांचा स्वयंपाक करणाऱ्या त्या जागेत भाजीची देठं, फळांच्या साली यांचा रोजचा ढीग पडत असे. त्याचीच माती केली. पद्धत अमृत मातीची. 10 लिटर पाण्यात 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र आणि 50 ग्रॅम काळा गूळ तीन दिवस ढवळत ठेवायचा, दसपट पाणी घालून त्यात पालापाचोळा भिजवायचा, थर लावायचे, दर आठवड्याला परतायचे. महिन्याभराने त्यात धान्य-कडधान्य पेरून ते कोवळं असतानाच कापून परत मातीत घालायचं. सगळं मिळून साडेचार-पाच महिने लागतात. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे.

काळाचौकीतल्या चाळींच्या कठड्यांवर आणि अभ्युदय नगरच्या खिडक्यांच्या जाळीत एवढं शास्त्र नसतं. रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, मासळीबाजारातली थर्माकोलची खोकी. त्यात तुळस, गवती चहा, ओवा, एखादी मिरची. जानेवारीत पालक आणि कोथिंबीरही येते, भाताला लावण्यापुरती का होईना. पाणी पिण्याचं असतं, म्हणून निदान खाताना मनात किंतु नसतो.

पण खिडकीतल्या डब्याने शहराची जुडी भरत नाही, रुळाकडच्या पट्ट्याने थोडीफार भरते. म्हणून वाफे मोडून शोभेची झुडपं लावावीत, हा सल्ला सोपा असला तरी पटत नाही. जानेवारी 2023 मध्ये मुंबईत सांडपाणी शुद्धीकरणाच्या सात नव्या केंद्रांचं भूमिपूजन झालं. त्यांत धारावी आणि घाटकोपर आहेत आणि दोन्ही ठिकाणं वाफ्यांच्या पट्ट्यापासून लांब नाहीत. तिथल्या शुद्ध पाण्याचा एक पाइप रुळाकडे वळवावा, दर हंगामाला माती तपासावी, परवाना निदान पाच वर्षांचा करावा आणि कसणाऱ्याचं नाव त्यावर घालावं. रेल्वे आणि महापालिका यांनी एकदा एकत्र बसून एवढं ठरवलं, तर भाजीवालीला नाशिकचं नाव घ्यावं लागणार नाही.